विडी आधी मालकास दाखवावी

तानबाजींच्या हॉटेलात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा त्यांनी मला या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. दोन बोटं पुढे करून माझ्या ओठांतली न पेटवलेली विडी अलगद काढून घेतली. दाराशी नेऊन उजेडात धरली, तिचं मिटलेलं तोंड अंगठ्यानं चाचपलं, फिरवून पाहिली, नाकाशी नेली आणि परत माझ्या हातात ठेवत म्हणाले, "उजवी हाय. जा, भायेर जाऊन प्या."

मी इतका गोंधळलो की निमूटपणे बाहेर गेलो. बाहेर उभा राहून विडी ओढताना दारावरची पत्र्याची पाटी वाचली. 'विडी-सिगरेट पिण्यास सक्त मनाई आहे.' आणि त्याखाली, नंतर कधीतरी वेगळ्या रंगानं लिहिलेलं, 'विडी आधी मालकास दाखवावी.' मनाई आहे तर दाखवायची कशाला, आणि दाखवायची असेल तर मनाई कशाला, या कोड्यानं मला पुढं दोन वर्षं छळलं.

आता काय, कुठल्याही हॉटेलात सिगरेट काढली की वेटर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो आणि आपण मुकाट बाहेर जातो. ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. त्या काळी हॉटेल म्हणजे चहा, पेपर आणि धूर. आमचे एक डॉक्टर तर पेशंटच्या छातीला नळी लावायचे आणि दुसऱ्या हातातल्या सिगरेटची राख त्याच्याच चपलेवर झाडायचे. अशा काळात नागपूरच्या कामठी रोडवरच्या, ट्रकवाल्यांच्या जिवावर चालणाऱ्या हॉटेलात विडीबंदी करणं म्हणजे गिऱ्हाइकाला हात जोडून हाकलणं होतं. तानबाजी तर हातही जोडत नसत.

मी तेव्हा जरीपटक्याच्या टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामावर होतो. दुपारच्या सुट्टीत चहा प्यायला हेच हॉटेल जवळ. चार टेबलं, कोळशाची भट्टी, सकाळी तर्री-पोहे आणि दिवसभर चहा. हाताखाली कोणी नाही. सगळं तानबाजी एकटे करत, आणि दारात विडी घेऊन माणूस आला की हातातलं टाकून तपासणीला धावत. तोवर इकडे चहा उतू जाई. त्या हॉटेलातल्या चहाला कायम एक जळका वास असे, तो त्यामुळेच.

माणूस पन्नाशीचा, सडपातळ, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि उजव्या अंगठ्याचं नख कोरून वाढवलेलं. हे नख विडी-कारखान्यातलं. तानबाजी कामठीच्या एका कारखान्यात वीस वर्षं चेकर होते. बायका घरून वळून आणलेल्या विड्या सुपात ओतत आणि चेकर त्या एकेक पाहून चांगली ती पास करी, वाईट ती छाट म्हणून फेकी. पास झालेल्यांची पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधली जात. हॉटेलात डावीकडच्या कोपऱ्यात एक स्टूल होतं आणि त्याच्यावर भिंतीला एक जुनं सूप टांगलेलं, त्यात पान कापायची कात्री खोचलेली. त्या स्टुलावर कोणी बसत नसे. बसू नका असं तानबाजी कधी म्हणाले नाहीत. पण मी एकदा गर्दीत तिथं टेकलो, तर मे महिन्यात माझ्या पाठीला गारवा लागला आणि मी आपण होऊन उठलो. भिंतीला ओल असेल, असं मी स्वतःला समजावलं. नागपुरात, मे महिन्यात!

विडी हातात घेऊन तानबाजी जे बोलत, त्याची लोकांना सुरुवातीला गंमत वाटे. "हे वळणारी म्हातारी हाय. डोयानं दिसत नाही तिले." "हिले घाई होती. चुलीवर काईतरी ठेवलं होतं." मग शेवटी ठरलेलं, "उजवी हाय. जा भायेर."

मग बावणेंचं प्रकरण झालं. बावणे कामठीहून रोज सायकलवर नागपूरला येणारे, गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ. त्यांची सून घरी विड्या वळायची, तिच्याच चार-दोन विड्या ते खिशात टाकून आणत. एक दिवस तानबाजींनी त्यांची विडी पाहिली आणि फिरवायचं थांबवलं.

"बावणे, ही दोघीनं वळली. अर्धी एकीनं, अर्धी दुसरीनं. पयली मधातच उठून गेली. घरी जा."

"अजी, आता तं आलो मी! चहा तं पिऊ द्या."

"चहा मंग प्या. घरी जा पयले."

बावणे हसले, चहा प्यायले, आणि मग त्या हसण्यात जीव उरला नाही म्हणून सायकल काढून गेले. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. सुनेचे दिवस भरायला महिना होता. विडी वळता वळता पोटात कळ आली म्हणून ती उठली होती आणि हातातली विडी सासूनं पुरी केली होती. सगळ्या विड्यांतली नेमकी तीच बावण्यांच्या खिशात आली होती. नातू झाला म्हणून आम्ही पेढे खाल्ले, पण तानबाजींकडे कोणी नीट बघेना.

त्या दिवसापासून विडी दाखवणं म्हणजे ज्योतिष्याला पत्रिका दाखवण्यासारखं झालं. ट्रकवाले पन्नास पावलांवरच विड्या विझवून, तोंडं पुसून, देवळात शिरल्यासारखे आत येऊ लागले. एका हवालदारानं तर खिशातलं बंडल माझ्याकडे सांभाळायला दिलं. "आपल्याले नाही पाह्यजे काई मालूम करून," तो म्हणाला.

या सगळ्याचा राग येणारा एकच माणूस होता, धकाते. धकाते विणकर. पोटाशी माग घेऊन जन्मलेला आणि विडी ओठात घेऊन मोठा झालेला. वाद घालायला त्याला विषय लागत नसे, आणि इथं तर आयता विषय मिळाला होता.

"हॉटेल म्हणजे काय?" तो टेबलावर हात आपटून विचारी. "चहा आन् विडी! विडी नसन तं मंग हे हॉटेल काहून म्हणता गा? दवाखाना म्हणा! माह्या पैशाची विडी, माह्या छातीत धूर, तुमचं काय जाते?"

"तुह्या छातीत राह्यते काय धूर?" तानबाजी भट्टीवरून मान न उचलता म्हणत. "राह्यत असन तं पे."

मला विचाराल तर एवढा साधा आणि बिनतोड मुद्दा त्यानंतर या विषयावर मी ऐकला नाही. मोठमोठे लेख लिहिले गेले, पण सांगायचं तेवढंच होतं. धकात्याला मात्र ते पटणं शक्य नव्हतं. एकदा त्यानं भर दुपारी, तानबाजी पाणी आणायला मागे गेलेले असताना, आत बसून विडी पेटवलीच. मी समोर होतो, म्हणून सांगतो. धूर वर गेला नाही. पंखा बंद होता, दारातून वारा म्हणावा तर पडदाही हलत नव्हता, आणि तो धूर टेबलाच्या उंचीवरून आडवा, मागावरचं सूत ओढल्यासारखा, सरळ डावीकडच्या कोपऱ्यात गेला. सुपाखाली जाऊन दिसेनासा झाला. विडी विझली. धकात्यानं दुसरी काडी लावली, तिसरी लावली. तिन्ही वेळा विझली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पेपरात डोकं घातलं. "माल खराब झाला सारा," असं काहीतरी पुटपुटून तो उठला. पेपर उलटा धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरा कोणी असता तर हॉटेल सोडून गेला असता. धकाते हट्टाला पेटला. "उजवी हाय म्हणून भायेर काढता," त्यानं एकदा विचारलं, "मंग डावी असन तं?"

तानबाजींचा हात थांबला. "डावी असन तं इथंच बसाचं. मीच काडी लावून देईन."

झालं. डावीचा अर्थ आम्हाला तोवर कळला होता. उजव्या हाताच्या माणसानं वळलेल्या विडीच्या पानाची कड एका बाजूनं चढत जाते. डावखुऱ्यानं वळली तर उलट बाजूनं. धकात्यानं कुठूनशी विडीची तेंदूची पानं आणली, आठ दिवस घरी बसून उलट्या हातानं विड्या वळायचा सराव केला, त्याची बायको म्हणे माहेरी निघून जायच्या बेतात होती, आणि एका सोमवारी तो हसू दाबत दारात उभा राहिला. आम्ही चार-पाच जण गंमत बघायला आधीच बसलो होतो. मीही होतो. हे मला सांगायला लाज वाटते, पण होतो.

तानबाजींनी विडी घेतली, उजेडात धरली, फिरवली. "उजवी" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. आयुष्यात मी कोणाचा चेहरा असा पाहिला नाही. पन्नाशीचा तो माणूस एखाद्या लग्नाच्या मुलासारखा लाजला आणि घाबरला. त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. मग नख पुढे करून विडीचा दोरा चाचपला.

"ही गाठ विणकराची हाय," ते हळू म्हणाले. "तुटलेलं सूत जोडाची. विडीवाली बाई अशी गाठ नाही मारत गा, धकाते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विडी धकात्याच्या हातात नीट परत दिली, भट्टीत पाणी ओतलं, आम्हाला हातानंच उठा म्हणून खुणावलं आणि भर दुपारी हॉटेल बंद केलं. धकात्यानं ती विडी ओढली नाही, फेकलीही नाही. खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. माफी मागायची होती, पण सुरुवात कशी करावी ते कळेना. तानबाजींनीच चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसले.

"ठमाबाई नाव होतं तिचं," ते म्हणाले. "डावखुरी. पयल्या दिवशी कारखान्यात सूप घेऊन आली, तं मी सारंच्या सारं छाट केलं. उलट्या वळणाची विडी बंडलात चालत नाही, टपालबाबू. ती रडली नाही. म्हणे, 'चेकरसाहेब, पिऊन तं पाहा. जळते का नाही ते पाहा.' मी काई विडी पेत नव्हतो. आजवर नाही पेलो. पुढं लग्नच झालं आमचं. तिनं उजव्या हातानं वळाचं शिकून घेतलं. पण थकली का हात आपोआप डावा चाले. तोंड मिटताना पानाले एक बारीक मुरड द्याची सवय होती तिले. आन् मी छाट करो. घरच्या बाईले सूट देल्ली, असं कोणी म्हणू नये ना!"

तंबाखूच्या भुकटीनं ठमाबाईला खोकला लागला. आधी हिवाळ्यात, मग बारा महिने. "विडी पेणारा मरते का नाही, मले नाही मालूम," तानबाजी म्हणाले. "वळणारी मरते." शेवटच्या खेपेला ती स्वतः सूप घेऊन आली तेव्हा सगळ्या विड्या डाव्या होत्या, उजवा हात चालतच नव्हता. कारखान्याचा मालक शेजारी उभा होता. तानबाजींनी सगळं सूप छाटीत ओतलं. ती म्हणाली, "अवो, एक तं पास करा. एक तं पिऊन पाहा माह्या हातची." ते म्हणाले, "मंग पाहू." चार दिवसांनी ती गेली. छाटीची विडी कारखान्यातून कुठं कुठं जाते, कोण नेते, त्याचा पत्ता नसतो. ते पोत्यांत हात घालून शोधत राहिले. मग नोकरी सोडली आणि हॉटेल टाकलं.

"हॉटेल काहून?" मी विचारलं.

"जगातली विडी कधी ना कधी हॉटेलात येते. आपण काय घरोघर फिराचं? आन् बंदी नसती, तं कोणं तरी तिची विडी इथंच बसून जाळून टाकली असती, मले न दाखवता."

मी हिशेबी माणसासारखं बोललो. "तानबाजी, सात वर्षं झाली. विडी काय सात वर्षं टिकते?"

"तुमच्याकडं सात वर्षांनी पत्र पोचत नाही काय, बाबू? पत्ता शोधत शोधत?"

पोचतं. मी स्वतः पोचवलं होतं.

त्यानंतर मी एक गोष्ट करू लागलो. निरनिराळ्या पानठेल्यांवरून बंडल घ्यायचं आणि न फोडता तानबाजींकडे न्यायचं. ते पंचवीसच्या पंचवीस तपासत. धकात्याला मी काही सांगितलं नाही, पण विणकरांच्या वस्तीत बातमीला वेळ लागत नाही. तोही आता येताना बंडलं आणी, दारातच ठेवी आणि बाहेरच्या बाकावर गुपचूप चहा पिई. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

ती दुपार मे महिन्याची. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर पाघळत होतं. मी सकाळी बाजारातून एक साधं बंडल घेतलं होतं. तानबाजी एकेक विडी फिरवून बाजूला ठेवत होते. "उजवी. उजवी. उजवी." मी डुलक्या घेत होतो. चोविसाव्या 'उजवी'नंतर आवाज थांबला, म्हणून मी डोळे उघडले.

पंचविसावी त्यांच्या तळहातावर होती. पानाची कड उलटी चढली होती. तोंड मिटताना आत दुमडलेल्या पानाला एक बारीकशी मुरड दिलेली होती. दोऱ्याची गाठ विडीवाल्या बाईची होती. आणि पान हिरवट, ओलं होतं. बाकी चोवीस कोरड्या तपकिरी. ही एकच अशी, की हाताला दमटपणा लागावा. नुकतीच वळून सुपात टाकल्यासारखी.

डोक्यावरून पाणी ओतावं तसा मी गार झालो. माझं डोकं हिशेब मांडू लागलं. कामठीत डावखुरी बाई दुसरी नसेल का? असेल. पण मग तिची विडी बंडलात कशी? तानबाजींनीच सांगितलं होतं, डावी विडी बंडलात येतच नाही, चेकर फेकतो. ही कुठल्या चेकरनं पास केली? बाहेरच्या बाकावरून धकाते आत येऊन उभा राहिला होता. मी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "आईची आन," तो कुजबुजला, "मी नाही, बाबू." आणि त्याचा चेहरा असा पिवळा पडला होता की मला विश्वास ठेवावाच लागला.

"काडी द्या," तानबाजी म्हणाले.

धकात्यानं पुढे येऊन काडी ओढली. ज्या माणसानं जन्मात विडी ओठाला लावली नव्हती, त्यानं आपल्याच पाटीची मनाई मोडून, आपल्याच हॉटेलात विडी पेटवली. ओली विडी पेटायची नाही असं मला वाटलं होतं. पहिल्या काडीत पेटली. तानबाजींना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला. धूर आडवा होऊन कोपऱ्यात जात राहिला. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे होतो. थोटूक बोटांना चटका देईपर्यंत त्यांनी ती ओढली. मग उठले, कोपऱ्यात गेले, सूप खाली काढून स्टुलावर ठेवलं आणि थोटूक त्यात हलकेच ठेवलं.

"पास हाय," ते म्हणाले. कारखान्यात म्हणत असतील तसं, मोठ्यानं. आणि मग अगदी हळू, "बेस जळते वं."

धकाते रडत होता. मी रडलो नाही असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पाटीवरच्या खालच्या ओळीवर चुना फासलेला होता. 'विडी आधी मालकास दाखवावी' गेलं होतं. वरची मनाई तशीच होती. तानबाजी शांतपणे पोहे परतत होते आणि चहा त्या दिवशी पहिल्यांदा उतू गेला नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं, तपासणी संपली होती, ट्रकवाल्यांना आत विडी ओढू द्यायला आता काही हरकत नव्हती. मी विडी काढली आणि आपली सहज म्हणालो, "आता तरी आत बसून ओढू द्या, तानबाजी. आता काय राहिलं पाहायचं?"

"पाहाचं काई नाही राह्यलं," ते म्हणाले. त्यांनी दुपट्ट्यानं हात पुसले, एका कपात चहा ओतला आणि तो माझ्यासमोर न ठेवता कोपऱ्यातल्या स्टुलावर, सुपाशेजारी नेऊन ठेवला. "पण धूर नको इथं, बाबू. तिले खोकला येते."

मी खिशातलं बंडल समोरच्या पानठेल्यावर ठेवून आलो, आणि मग आत बसून चहा प्यायलो.